थरथर चाकात, दुरुस्ती कोनात

गाडी नव्वदच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायला लागते आणि एकशेदहा ओलांडले की पुन्हा शांत होते, अशी तक्रार कोणापुढेही मांडा, उत्तर तयार असते: अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्या. टायरच्या दुकानात हेच ऐकायला मिळते, ऑफिसातला गाड्यांचा जाणकार हेच सांगतो, आणि ज्याने स्वतः कधी चाक उतरवलेले नाही असा शेजारीही हेच सांगतो. ऊनपाऊस किंवा मीठभाकरीसारखा तो आता जोडशब्दच झाला आहे, आणि द्वंद्व समासात होते तसे त्यातल्या दोन पदांचे वेगळेपण कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. माझे म्हणणे असे, की हा समास सोडवल्याशिवाय निदान सुरूच होत नाही. त्यातल्या पहिल्या पदाचा, म्हणजे अलाइनमेंटचा, ठरावीक वेगाला येणाऱ्या थरथरीशी थेट संबंध नाही. दुसऱ्या पदाचा आहे, पण अर्धाच. आणि जो उरलेला अर्धा भाग आहे, म्हणजे चाक वजनाने समतोल असूनही गोल नसणे, त्याचे नाव या तयार उत्तरात कुठेच नाही. त्यामुळे माणूस दोनदा, तीनदा पैसे भरतो, प्रत्येक वेळी हिरव्या आकड्यांचा कागद घेऊन बाहेर पडतो आणि खालापूरचा टोलनाका ओलांडेपर्यंत थरथर पुन्हा हातात आलेली असते.

ही तक्रार अलीकडे जास्त ऐकू येते, त्यामागे गाड्या बिघडल्या हे कारण नाही. जुन्या घाटरस्त्यावर, गावागावांतल्या गतिरोधकांतून जाताना ताशी पंचाण्णवचा वेग सलग दहा मिनिटे धरणे शक्यच नव्हते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारसाठी १०० ची मर्यादा आहे आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर १२० ची. जो दोष पूर्वी दोन सेकंद जाणवून विरून जायचा, त्याच्यासोबत आता तासन्‌तास बसावे लागते. म्हणून आधी वेग आणि कंप यांचा हिशेब मांडू, कारण सगळा वाद त्यावरच सुटतो. छोट्या कारला सर्रास असणारा १८५/६५ आर १५ मापाचा टायर घ्या. त्याचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर, परीघ जवळपास १.९५ मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेअठ्ठावीस मीटर. भागाकार केला की चाकाच्या सेकंदाला चौदा फेऱ्या होतात. ऐंशीला त्या साडेअकराच्या आत असतात, एकशेवीसला सतरा. आता दुसरी बाजू. चाक, हब, ब्रेक आणि त्यांना जोडलेले भाग मिळून स्प्रिंगच्या खाली जो भार असतो, त्याचीही वर-खाली हलण्याची एक स्वाभाविक लय असते, आणि कारमध्ये ती साधारण सेकंदाला दहा ते पंधरा आंदोलनांची असते. स्टिअरिंगच्या जोडण्यांची लयही याच मुलखातली. झोपाळ्यावरच्या मुलाला बोटाने दिलेला धक्का, तो त्याच्या लयीत दिला तर, झोपाळा छतापर्यंत नेतो. चाकाचा लहानसा दोष दर फेरीला एक धक्का देतो. फेऱ्यांची लय आणि त्या भाराची लय जुळली की हात थरथरतात, पुढे गेली की जुळणी सुटते आणि स्टिअरिंग शांत होते. म्हणजे ‘अमुक वेगाला येते आणि तमुक वेगाला जाते’ ही तक्रारच सांगते, की फिरणारे काहीतरी दर फेरीला एकदा ढकलते आहे.

अलाइनमेंटमध्ये मोजले जातात ते कोन. टो म्हणजे वरून पाहिले असता दोन चाके एकमेकांकडे किती वळलेली आहेत, कॅम्बर म्हणजे समोरून पाहिले असता चाक किती कललेले आहे, कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिले असता चाक ज्या अक्षाभोवती वळते तो किती मागे झुकलेला आहे. या तिन्ही कोनांची एक गोष्ट समान आहे: चाक एक फेरी फिरताना ते बदलत नाहीत. टो बिघडलेला असला तर तो फेरीच्या सुरुवातीला जितका बिघडलेला, तितकाच मध्याला आणि तितकाच शेवटी. जे स्थिर आहे त्याची ओढही स्थिर असते. अशी ओढ गाडीला एका बाजूला नेईल, सरळ जातानाही स्टिअरिंग वाकडे ठेवायला लावेल, टायरची एक कड हजार-दोन हजार किलोमीटरांत दाढी केल्यासारखी साफ करील. हे सगळे दोष खरे आहेत, महागडे आहेत, आणि त्यांच्यासाठी अलाइनमेंट वेळोवेळी केलीच पाहिजे. पण सेकंदाला चौदा ठोके देण्यासाठी सेकंदाला चौदा वेळा बदलणारे काहीतरी लागते, आणि स्थिर कोनाकडे ते नाही. थरथरीसाठी टो नीट करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बंब उत्तम आहे, पाणीही भरपूर आहे. फक्त गाव चुकले आहे.

यावरचा सर्वांत लोकप्रिय आक्षेप अनुभवाचा आहे: ‘अहो, पण अलाइनमेंट केली आणि थरथर गेली!’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. पण त्या दिवशी दुकानात आणखी काय काय झाले ते पाहा. चारही चाके उतरवली, बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली, जुनी शिसे काढून नवी लावली, रिममध्ये वाळलेला चिखल झटकला गेला, पुढची चाके मागे आणि मागची पुढे केली, नट पुन्हा आवळले, हवा भरली, आणि सर्वांत शेवटी गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर गेली. बिलावर ठळक नाव मात्र अलाइनमेंटचे, कारण तिथे कॉम्प्युटरचा पडदा आहे आणि छापील कागद आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि श्रेय कावळ्याला गेले. त्यातही चाकांची अदलाबदल हा फसवा भाग आहे. दोषी चाक पुढून मागे गेले की स्टिअरिंग शांत होते, कारण स्टिअरिंगला जोडलेली चाके पुढची. थरथर गेलेली नसते, तिने फक्त जागा बदललेली असते. आता ती सीटमध्ये आणि मागच्या फरशीत येते, जिथे चालकाचे हात नसतात. मागे बसलेल्या आजींना ती जाणवते, पण त्यांना कोणी विचारत नाही. पाच-सात हजार किलोमीटरनंतर पुन्हा अदलाबदल झाली की ‘अलाइनमेंट परत आउट झाली’ असे निदान होते आणि चक्र पुढे चालू.

इथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. एक, टो बराच काळ बिघडलेला राहिला तर टायरची नक्षी करवतीच्या दात्यांसारखी किंवा खळगे पडल्यासारखी झिजते, आणि मग असा टायर घरघरतो, कधी कंपही देतो. पण तेव्हा दोष कोनातून टायरच्या अंगात उतरलेला असतो. कोन सरळ केल्याने झिजलेले रबर भरून येत नाही. पुढचा टायर तसा झिजू नये एवढेच साधते. दुसरी गोष्ट कॅस्टरची. तो फार जास्त असेल तर पुढची चाके डावी-उजवी थरथरण्याकडे अधिक कलतात, हे खरे आहे, आणि त्याला इतिहासही आहे. १९२३ मध्ये फायरस्टोनने कमी दाबाचे, रुंद ‘बलून’ टायर बाजारात आणले तेव्हा अखंड दांड्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर ते अशा प्रकारे थरथरायला लागले, की स्टिअरिंग हातात राहीना. एक चाक उचलले गेले की अ‍ॅक्सल कलायचा, फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे तो कल वळणात बदलायचा, आणि वळण पुन्हा कलात. १९३४ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन आणले, त्यामागे मॉरिस ऑली यांच्यासारख्या अभियंत्यांचे जे काम होते, त्यात या थरथरीतून सुटका हा एक भाग होता. ती थरथर स्वतःच स्वतःला पोसणारी होती: एखाद्या खड्ड्याने ती जागी व्हायची आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत जायची नाही. आजच्या कारमध्ये गुळगुळीत रस्त्यावर, कोणताही धक्का न बसता, नेमक्या नव्वदला येणारी आणि एकशेदहाला जाणारी थरथर त्या जातीची नाही. ती बाहेरून, चाकाच्या प्रत्येक फेरीतून ढकलली जाते. दोन्हींना एकच नाव मिळाले म्हणून दोन्हींचे औषध एक होत नाही.

आता समासाच्या दुसऱ्या पदाकडे. बॅलन्सिंगचा थरथरीशी संबंध निर्विवाद आहे, आणि आकडे बोलके आहेत. पंधरा इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅम वजन कमी-जास्त असेल तर ताशी १०० ला ते चाकाला सुमारे साडेचार किलोच्या जोराने बाहेर ओढते, तेही सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलत. ताशी ५० ला हाच जोर सव्वा किलोच्या आत असतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे थरथर आली की आधी बॅलन्सिंग तपासा, याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ‘मशीनवर शून्य आले, आता टायरचा प्रश्न संपला’ या वाक्याला. शून्य म्हणजे काय? तर त्या मशीनच्या शाफ्टवर, चाक मध्यभागी धरणाऱ्या त्या शंकूच्या आधाराने, त्या क्षणी बसवलेले चाक अधांतरी फिरवले असता वजनात फरक आढळला नाही. चुकीच्या मापाचा शंकू लावला, रिमच्या मधल्या छिद्राला गंज किंवा माती होती, रिमची रुंदी अंदाजाने टाकली, मशीन कित्येक महिन्यांत जुळवलेले नाही, किंवा ते पाच-सात ग्रॅमपर्यंतचा फरक शून्यच दाखवावा असे लावून ठेवले आहे, यातले काहीही असले तरी पडद्यावर शून्य येते. हे शून्य खरे की खोटे हे कळायला एक साधी कसोटी आहे, आणि कोणताही ग्राहक ती मागू शकतो: शून्य आल्यावर चाक सैल करा, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि पुन्हा फिरवा. शून्य टिकले तर ते चाकाचे होते. दहा-पंधरा ग्रॅम उगवले तर मघाचे शून्य फक्त त्या बसवण्याचे होते. पंक्चरवर उपाय म्हणून टायरमध्ये ओतलेले द्रव सीलंट असेल तर प्रत्येक वेळी नवाच आकडा येईल, कारण आतले वजनच जागा बदलत असते.

पण समजा शून्य खरे आहे. तरीही चाक गाडीवर चढल्यावर दोन नव्या गोष्टी घडतात, ज्या मशीनवर घडत नाहीत: ते हबवर नव्याने बसते आणि त्याच्यावर गाडीचा भार येतो. बाजारातून घेतलेल्या अलॉय रिमचे मधले छिद्र गाडीच्या हबपेक्षा मोठे असेल आणि मधली रिंग बसवलेली नसेल, तर चाक नटांच्या भरवशावर मध्यभागी येते. आणि गाडी जॅकवरून उतरवून, एका नटाला गनने पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळले, तर ते मध्यभागी येतही नाही. भाराचा मुद्दा मात्र सर्वांत जास्त दुर्लक्षित. आपल्याकडे सायकलच्या दुकानात ही समज पिढ्यान्‌पिढ्या होती. चाक डुगडुगते म्हटले की सायकलवाला वजन करत नसे. तो चिमट्याशी खडू किंवा बोट धरून चाक फिरवायचा, कुठे घासते ते पाहायचा आणि आरे आवळून आउट काढायचा. मोटारीच्या टायरलाही आउट असतो, आणि त्याचा जोर वजनाच्या फरकाहून मोठा असू शकतो. कारच्या टायरचा उभा ताठरपणा साधारण दर मिलिमीटरला वीस किलोच्या आसपास धरा. टायर एका जागी एक मिलिमीटर उंच असेल तर प्रत्येक फेरीत रस्त्यावरचा दाब वीस किलोने चढ-उतार करील. मघाच्या ३० ग्रॅमचा चढ-उतार दोन्ही दिशा मिळून नऊ किलोंचा होता. म्हणजे नखाइतका उंचवटा त्या वजनाच्या दुपटीहून जास्त ढकलतो. शिवाय हा उंचवटा डोळ्याला दिसेलच असेही नाही. टायरच्या आतल्या तारांच्या पट्ट्यांचा जोड एका जागी जाड असेल तर टायर दिसायला गोल आणि वजनाला समतोल असतो, पण दाबल्यावर एका जागी कडक लागतो. तो अधांतरी फिरवून कधीच सापडणार नाही. म्हणूनच काही बॅलन्सिंग मशीनवर फिरत्या टायरवर शेकडो किलोंनी रोलर दाबून हा फरक मोजतात. ती मशीन सगळीकडे नाहीत. पण बाहेरून दिसणारा आउट मोजायला डायल गेज पुरतो, आणि तोही नसला तर जॅकवर उचललेल्या चाकाजवळ स्टँडला बांधलेला पेन.

आउट सापडला की पुढचा प्रश्न, टायर दोषी की रिम? इथे निदान खरे तर्काचे होते, आणि त्याला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. जिथे चाक सर्वांत उंच लागते तिथे टायरवर खडूची खूण करा आणि तिच्यासमोर रिमवर दुसरी. हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवा, हवा भरा, पुन्हा मोजा. उंचवटा टायरच्या खुणेबरोबर गेला तर दोष टायरचा. रिमच्या खुणेपाशीच राहिला तर रिम वाकली आहे. दोन्हींच्या मधेच कुठेतरी जाऊन कमी झाला तर दोघांचा थोडाथोडा दोष होता आणि नव्या जागी तो एकमेकांनी फेडला. नव्या टायरवर लाल आणि पिवळे ठिपके असतात ते याच कारणाने: अनेक कंपन्यांच्या टायरवर लाल ठिपका दाबाचा उंच भाग दाखवतो आणि पिवळा हलका भाग. नवे टायर बसवताना त्या ठिपक्यांकडे किती दुकानांत पाहिले जाते, हे ज्याचे त्याने पाहावे.

काहींचा आक्षेप असतो की दोष गाडीत नाहीच, काँक्रीटच्या रस्त्यात आहे. हा आक्षेप ऐकायला योग्य वाटतो आणि मोजल्यावर कोसळतो. काँक्रीटच्या रस्त्यावरचे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी १०० ला ते सेकंदाला सहा येतात. चाकाच्या फेऱ्या चौदा आहेत. सहा आणि चौदा यांतला फरक कानाला आणि हाताला कळतो: सांध्यांची धडधड मोजता येते, चाकाची थरथर मोजता येत नाही, ती नुसती झिणझिणते. शिवाय डांबरी पट्ट्यावर आल्यावर सांधे नाहीसे होतात आणि थरथर राहते. याच्या उलट दुसरी शंका अशी, की थरथर चाकाची असेल तर ती सतत का नसते, पाच-दहा सेकंद येऊन का जाते? आणि म्हणूनच मेकॅनिक फेरी मारून आला की ‘काही नाही साहेब’ म्हणतो. उत्तर पुन्हा आकड्यांतच आहे. पुढच्या दोन्ही चाकांत थोडा थोडा दोष असेल आणि एका टायरचा फिरता परीघ दुसऱ्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने कमी असेल, तर दोघांचे ठोके कधी एकत्र पडतात, कधी एकमेकांना खोडतात, आणि हे चक्र साधारण चौदा सेकंदांनी पुरे होते. दोन तबलजी जवळजवळ एकाच लयीत वाजवत असावेत, तसे. वळण घेतल्यावर थरथर अचानक वाढली किंवा गेली, तर त्याचेही कारण हेच, कारण वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते आणि जुळणी बदलते.

जाणत्या मेकॅनिकांचा आक्षेप याहून वजनदार आहे. ते म्हणतात, टायर-रिम सगळे ठीक असते, खरे दुखणे लोअर आर्मच्या बुशमध्ये, बॉल जॉइंटमध्ये, टाय रॉड एंडमध्ये किंवा बेअरिंगमध्ये असते, ते बदलले की थरथर जाते. यात तथ्य आहे. चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे धरून हलवून पाहणे ही तपासणी कधीच वगळू नये. तिथे खेळ आढळला तर थरथरीचा विचार बाजूला ठेवून आधी तो भाग बदलावा, कारण तो सुटला तर स्टिअरिंगच सुटते. पण कारण आणि मुभा यांत फरक आहे. सैल बुश चाकाला हलण्याची मुभा देतो. सपाट रस्त्यावर सेकंदाला चौदा वेळा हलवणारा हात तो नव्हे. दोन भाग बदलल्यावर थरथर कमी झाली, याचा अर्थ धक्का थोपवला गेला, थांबला नाही. तो धक्का नव्या बुशवर काम करत राहतो आणि त्यालाही लवकर सैल करतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. हाताला खेळ लागत नसताना, चाकाचा आउट मोजलेला नसताना, हजारोंचे सुटे भाग बदलायला सुरुवात करणे म्हणजे कुलूप बदलण्याआधी दार रंगवणे.

हे सगळे परवडते का, इतकी चिकित्सा कोण करणार, असे विचारले जाते. पण यातली बहुतेक चिकित्सा फुकट आहे आणि दुकानात जाण्याआधीच होते. थरथर फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर ती डिस्कची आहे, टायरकडे पाहायचेही कारण नाही. फक्त जोर देताना येते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जाते, तर ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटकडे बोट जाते. तोच वेग ठेवून गिअर बदलला आणि थरथर बदलली तर इंजिन. बदलली नाही तर रस्त्याच्या वेगाने फिरणारे काहीतरी. सकाळी पहिले दहा-पंधरा किलोमीटर आहे आणि नंतर नाही, तर गाडी उभी राहून टायरला आलेला सपाटपणा आहे, तो गरम झाल्यावर जातो. २०२० च्या टाळेबंदीनंतर कित्येक गाड्यांनी हे दाखवले. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आल्यावर सुरू झाली असेल तर काळ्या मातीचा लपका रिमच्या आतल्या अंगाला चिकटून वाळलेला असण्याची शक्यता आधी, आणि त्याला काठी व पाण्याचा पाइप एवढेच लागते. स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढे, सीटमध्ये असेल तर बहुधा मागे. मोबाइलमध्ये कंप मोजणारी फुकट अ‍ॅप आहेत. शेजारी बसलेल्याने फोन डॅशबोर्डवर टेकवला आणि शंभरला शिखर चौदाच्या आसपास दिसले तर ते चाक. अठ्ठावीसला दिसले तर टायर एकाऐवजी दोन जागी उंच, म्हणजे अंडाकृती असू शकतो. बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टासारख्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पन्नास-साठच्या घरात दिसले तर प्रोपेलर शाफ्ट, कारण तो चाकापेक्षा जवळपास चारपट वेगाने फिरतो. नायट्रोजन भरल्याने यातले काहीही बदलत नाही. हवेत तो आधीच सुमारे ७८ टक्के असतो.

दोष फक्त दुकानांचा नाही, हेही सांगितले पाहिजे. डॉक्टरकडे जाऊन ‘ताप आहे’ असे न सांगता ‘ते अमुक इंजेक्शन द्या’ म्हणणाऱ्या रोग्यासारखे आपण टायरच्या दुकानात जातो आणि ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करायचंय’ असे सांगतो. दुकानदार मागितले ते देतो. अर्ध्या तासात होणाऱ्या आणि कागद छापून मिळणाऱ्या कामाचा दर ठरलेला आहे. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजण्याचा दर कोणत्याच पाटीवर नाही. तो मागितल्याशिवाय लिहिलाही जाणार नाही. ‘पंचाण्णवला येते, एकशेदहाला जाते, हातात येते, सीटमध्ये नाही, ब्रेकचा संबंध नाही’ एवढे पाच तुकडे सांगितले तर जो मेकॅनिक ते ऐकून लगेच रॅम्पकडे बोट दाखवेल, त्याच्याकडून गाडी परत घ्यायला हरकत नाही.

शेवटचा युक्तिवाद सर्वांत धोकादायक, आणि तो करणारे तरबेज चालक असतात: थरथर एकशेदहाला जाते ना, मग एकशेदहानेच जायचे. लय सुटते म्हणून हाताला कळेनासे होते, जोर मात्र वाढलेला असतो. वजनाच्या फरकाचा धक्का पंचाण्णवपेक्षा एकशेवीसला सुमारे दीडपटीहून जास्त असतो, आणि तो बेअरिंगला व टायरला मिळतच राहतो. त्यातही थरथर कमी वेगाला, तीस-चाळीसला, डुगडुग म्हणून सुरू झाली असेल आणि दिवसागणिक वाढत असेल, तर टायरच्या आतले तारांचे पट्टे रबरापासून सुटत असण्याची शक्यता असते. खड्ड्याच्या माराने कडेला आलेला फुगा दिसतो, आत सुटलेला पट्टा दिसत नाही. समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर परिवहन विभागाने टायरची तपासणी सुरू केली ती मुख्यतः घासलेल्या टायरसाठी. १.६ मिलिमीटरची किमान खोली नक्षीत दिसते, तळहात फिरवला की लागणारा तो मऊ उंचवटा दिसत नाही. अशा टायरचे बॅलन्सिंग करणे, त्याला मागे टाकणे, त्याच्यासाठी अलाइनमेंट करणे, हे सगळे उपाय थरथर लपवतात आणि टायर फुटण्याची वेळ तेवढी आतापासून भरवेगाच्या एखाद्या दुपारवर ढकलतात. तो काढून कापून टाकायला हवा. बहुधा तो डिकीत स्टेपनी म्हणून ठेवला जातो, रात्री पंक्चर झाल्यावर नेमका तोच बाहेर येतो, आणि पुढच्या गावात उजाडल्यावर पहिली शोधली जाते ती अलाइनमेंटची पाटी.